जुना फ्रिज मोडीत काढताना नळी कापू देऊ नका

प्रश्न मिरजेच्या एका ताईंचा आहे. आजोबांच्या घरी १९९६ साली घेतलेला १६५ लिटरचा एका दाराचा फ्रिज आहे, दोन वर्षांपासून बंद. शिवाय मामांच्या किराणा दुकानातला झाकणाचा डीप फ्रीझर, दुकान बंद झाल्यापासून पडून. भंगारवाला दोन्हींचे मिळून अठराशे रुपये देतो म्हणाला, आणि "कॉम्प्रेसर आत्ताच कापून नेतो, डबे उद्या टेम्पो आणून उचलतो" असंही म्हणाला. आतला गॅस विषारी असतो का, असे फ्रिज नीट मोडीत काढतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि तोवर दोन्ही गच्चीवर ठेवले तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी एकवीस वर्षं फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम केलं. गेली नऊ वर्षं पुण्याजवळ जुनी उपकरणं सुटी करण्याच्या एका कारखान्यात फ्रिजचा विभाग सांभाळतो. दोन्ही बाजू हाताखालून गेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, अठराशे रुपये कमी की जास्त ते मागाहून बघू. सगळी गोम त्या एका वाक्यात आहे, "कॉम्प्रेसर आत्ताच कापून नेतो." तो काय करणार ते सांगतो. फ्रिज भिंतीपासून ओढून मागच्या जाळीखालचा काळा कॉम्प्रेसर बघणार आणि पक्कडीने तांब्याची नळी पिरगाळून तोडणार. खस्स आवाज होतो, नळीच्या तोंडाशी पांढरट वाफ येते, तेलाचे बारीक शिंतोडे भिंतीवर उडतात, कापलेल्या टोकावर क्षणभर दव धरतं. मिनिटभरात सगळं शांत. त्याच्या हाती आठ-दहा किलोचा कॉम्प्रेसर लागतो, तुमच्या फरशीवर तेलाचा डाग राहतो, आणि गॅस हवेत गेलेला असतो. त्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही, म्हणून काही बिघडलं असं कुणाला वाटतच नाही.

दुरुस्तीच्या दिवसांत मीही हेच केलं आहे. आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं, गॅस नवा भरायचा म्हणजे जुना आधी सोडायचा, खिडकी उघड आणि सोड. असे किती फ्रिज रिकामे केले त्याची मोजदाद नाही. आज त्याची खंत वाटते, म्हणून हा विषय निघाला की मी गप्प बसत नाही.

आता तो गॅस कोणता, ते बघू. तुमचा फ्रिज १९९६ चा, म्हणजे मुळात आर-१२ भरलेला असणार. हा क्लोरोफ्लुरोकार्बन, ओझोनचा थर खाणारा. अशा वायूंतला क्लोरीन वर जाऊन ओझोन फोडतो हे मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं आणि १९८७ मध्ये असे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. आपल्याकडे नव्या फ्रिजमध्ये असे वायू वापरायला १ जानेवारी २००३ पासून बंदी आली. पण बंदी नव्या फ्रिजवर आली. त्याआधी घराघरांत गेलेले फ्रिज तसेच राहिले आणि त्यांच्या पोटातला गॅसही तसाच राहिला. आजोबांचा फ्रिज त्यातलाच.

त्यानंतर आर-१३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवण्यात चांगलाच जोरकस आहे. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच घराण्यातला. तो ओझोनचं काही बिघडवत नाही आणि हवाही फारशी तापवत नाही, पण पेट घेतो.

यांच्यातला फरक आकड्यांत कळतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो आर-१२ हवेत सोडला तर तो सुमारे १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापवतो. आर-१३४ए साठी हा आकडा १,४३० च्या आसपास आहे, आयसोब्युटेनसाठी जेमतेम तीन. तुमच्या फ्रिजमध्ये शंभर ग्रॅम आर-१२ धरला तरी पक्कडीच्या त्या एका दाबाने टनभर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं.

इथे एक मेख आहे. मागच्या पट्टीवर लिहिलेला गॅसच आत असेल याची खात्री नाही. आर-१२ मिळेनासा झाल्यावर अनेक कारागिरांनी जुन्या फ्रिजमध्ये हायड्रोकार्बनचं मिश्रण भरलं, कारण ते त्याच कॉम्प्रेसरवर चालतं. म्हणजे पट्टीवर आर-१२ आणि नळीत पेटणारा गॅस, असे फ्रिज आमच्याकडे नेहमी येतात. तुमच्या घरी २००५ नंतर कधी गॅस भरला असेल आणि कोणता भरला ते आठवत नसेल, तर तो पेटतो असंच समजून वागा.

फ्रिज दोन वर्षं बंद आहे, मग गॅस उरला तरी असेल का? हे कशामुळे बंद पडला त्यावर आहे. कॉम्प्रेसर सुरूच होत नव्हता, नुसता टक-टक करून थांबत होता, तर बिघाड रिलेत किंवा मोटरमध्ये. गॅस बहुधा जागेवर आहे. कॉम्प्रेसर तासन् तास चालायचा, पण मागची जाळी गरमच होत नव्हती, तर गॅस आधीच गळून गेलेला असण्याची शक्यता मोठी. बर्फ सुटत नाही म्हणून सुरीने खरवडताना फ्रीझरच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमला भोक पाडणं, हे त्याचं आपल्या घरांतलं सगळ्यात नेहमीचं कारण. आजीला विचारा, बहुतेक आठवेल.

आणि गॅस गळून गेला असेल तरी काम संपत नाही. लोकांना हे माहीतच नसतं, म्हणून इथे थोडा थांबतो. फ्रिजचं बाहेरचं पत्र्याचं अंग आणि आतलं प्लास्टिक यांच्यामध्ये पिवळट, कडक फेस भरलेला असतो. आम्ही त्याला पफ म्हणतो. हा फेस फुगवायला वायू लागतो आणि तो त्याच्या बारीक बारीक बंद पोकळ्यांत वर्षानुवर्षं अडकून बसतो. आजोबांच्या फ्रिजच्या काळात हे काम आर-११ करायचा, तोही क्लोरोफ्लुरोकार्बनच. पुढे आर-१४१बी नावाचा वायू आला, तोही ओझोनला थोडा बाधकच, आणि भारताने त्याचा वापर २०२० पर्यंत बंद केला. आता बहुतेक ठिकाणी सायक्लोपेंटेन असतं.

पफच्या वजनातला साधारण दहावा हिस्सा हा वायू असतो. लहान फ्रिजमध्ये तीन-चार किलो पफ धरला तर तीन-चारशे ग्रॅम आर-११, म्हणजे नळीतल्या गॅसच्या तिप्पट-चौपट. त्याचा हवा तापवण्याचा आकडा ४,७५० च्या घरात आहे. इतक्या वर्षांत थोडा झिरपून गेला असेल, तरी बराचसा अजून आतच असतो. म्हणजे ज्याला सगळे "रिकामा डबा" म्हणतात, त्यात कॉम्प्रेसरच्या बाजूपेक्षा जास्त ऐवज दडलेला आहे. युरोपात पफमधला वायूही पकडलाच पाहिजे असा नियम लागू झाला तेव्हा ब्रिटनकडे तशी यंत्रं नव्हती. २००२ साली तिथे जुन्या फ्रिजचे अक्षरशः डोंगर साचले होते.

भंगाराच्या वाड्यात या डब्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे. पत्रा हवा असतो, म्हणून छिन्नी-हातोडीने तो सोलतात आणि पफची ढेकळं मागे टाकतात. त्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून संध्याकाळी त्यांना काडी लावतात. त्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडही असतो. शेजारीच वायरी जाळून तांबं काढत असतील तर प्लास्टिकच्या वेष्टनातून डायॉक्सिन ही विषारी रसायनं वेगळी. आणि ही कामं बऱ्याचदा तिथेच राहणारी माणसं करतात, पोरंबाळं आजूबाजूला खेळत असतात. त्या माणसांना दोष देणं मला पटत नाही. त्यांना धातूचे पैसे मिळतात, गॅस सांभाळण्याचे कुणी देत नाही.

आता नीट काम कसं होतं ते. आमच्याकडे फ्रिज आला की आधी काचेचे कप्पे, भाजीचा ट्रे, दिवा, थर्मोस्टॅट, वायर हे सुटं होतं. फार जुन्या फ्रीझरच्या झाकणात दिवा लावणारा स्विच कधी कधी पाऱ्याचा असतो, तो हाताने काढून वेगळ्या डब्यात जातो. आत कोणता गॅस आहे ते छोट्या यंत्रावर तपासतो. मग फ्रिज असा कलता करतो की कॉम्प्रेसरमधलं तेल नळीच्या तोंडाकडे वाहील. नळीला रबरी तोंडाचा टोचणारा चिमटा लावतो. तो नळीला भोक पाडतो आणि त्याच वेळी भोक झाकूनही धरतो, त्यामुळे आतलं काहीही बाहेरच्या हवेत येत नाही. पलीकडे ओढणारा पंप असतो.

गॅस आणि तेल एकत्रच बाहेर येतात. आर-१२ तेलात विरघळून राहतो, त्यामुळे नुसता गॅस ओढला की काम झालं असं होत नाही. तेल गरम करावं लागतं. यंत्राला एक काचेची खिडकी आहे. तिच्यातून बघितलं तर तेल सोड्याच्या बाटलीसारखं फसफसत असतं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत मी मुलांना पुढच्या फ्रिजकडे जाऊ देत नाही. घाई झाली की नेमकं इथेच चुकतं. गॅस प्रकाराप्रमाणे वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये जातो आणि सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, कारण उन्हात तापला की आतल्या द्रवाला फुगायला जागा लागते. कॉम्प्रेसर कापून त्याला खाली भोक पाडतो आणि रात्रभर ट्रेवर ठेवतो. एकेका कॉम्प्रेसरमधून पाव लिटरच्या आसपास तेल निघतं.

डब्याचं काम आमच्याकडे होत नाही. तशी यंत्रणा असलेल्या कारखान्यात आम्ही डबे पाठवतो, आणि तिथे उभं राहून मी ते बघितलं आहे. अख्खा डबा बंद पेटीत भरडला जातो. आत नायट्रोजन सोडलेला असतो, कारण सायक्लोपेंटेन पेटतं आणि पत्र्यावर पत्रा घासून ठिणगी उडतेच. पफचं अगदी बेसनासारखं पीठ होतं. ते दाबून, तापवून उरलेला वायूही काढतात आणि तो सक्रिय कोळशात शोषून घेतात किंवा गोठवून द्रव करतात. लोखंड चुंबकाने वेगळं होतं. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं फिरत्या चुंबकीय क्षेत्राने पट्ट्यावरून पुढे उडवलं जातं, प्लास्टिक पाण्यात तरंगतं की बुडतं यावर निवडलं जातं. पफचं पीठ सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. गोळा केलेला आर-११ आणि आर-१२ हजार अंशांच्या वर तापवून कायमचा नष्ट करायचा असतो. आर-१३४ए मात्र शुद्ध करून पुन्हा वापरता येतो.

विषारीपणाबद्दल तुम्ही विचारलंत. घरात उभा असलेला, नळी शाबूत असलेला फ्रिज तुम्हाला काही करत नाही. आर-१२ आणि आर-१३४ए साध्या हवेत विषारी म्हणता येणार नाहीत. बंद खोलीत खूप सुटले तर हवा बाजूला सारून गुदमरवतात, आणि द्रवरूपात हातावर पडले तर कातडी गोठवतात. विस्तवाजवळ मात्र गोष्ट बदलते. आर-१२ ज्योतीत सापडला तर फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि तो खरोखरचा विषारी वायू आहे. म्हणून गॅस कटर घेऊन कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आयसोब्युटेनचं भय वेगळं. नव्या फ्रिजमध्ये तो पन्नास-साठ ग्रॅमच असतो, पण पन्नास ग्रॅमचा वीसेक लिटर वायू होतो, हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आतबाहेर असला तरी पेटतो. माझ्या हाताखालच्या एका शिकाऊ मुलाने छोट्या बंद स्वयंपाकघरात अशी नळी उघडली आणि गॅस गेला असेल असं समजून नळीला डाग द्यायला गॅसचा टॉर्च पेटवला. गुडघ्याच्या उंचीवर निळा भडका झाला आणि क्षणात विझला. त्याच्या पायाची आणि हाताची कातडी गेली, बरा व्हायला दीड महिना लागला. मी बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत उभा होतो. खिडकी उघडायला मी सांगायला हवं होतं.

तर इथवरचं थोडक्यात असं: गॅस दोन ठिकाणी आहे, नळीत आणि पफमध्ये. दोन्ही पकडता येतात, पण फ्रिज अख्खा पोहोचला तरच. त्यामुळे तुमच्या हातात असलेलं काम एकच, फ्रिज न कापता, न टोचता योग्य दारापर्यंत जाऊ देणं.

ते दार कोणतं, हे गावावर अवलंबून आहे. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार फ्रिज बनवणाऱ्या कंपन्यांवर जुना माल रिसायकल करवून घेण्याची जबाबदारी आहे आणि रिसायकलरांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृतांची नावं मिळतात. आधी तुमच्या फ्रिजच्या कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून "जुना फ्रिज परत घेता का" एवढं विचारा. तिथे जमलं नाही तर सांगली-कोल्हापूर भागात माल उचलणारा नोंदणीकृत रिसायकलर शोधा. एका फ्रिजसाठी गाडी पाठवणं त्यांना परवडत नाही, ही खरी अडचण आहे. गल्लीतले, नातेवाइकांचे मिळून पाच-सहा नग झाले की टेम्पो येतो. आमच्याकडे साताऱ्याकडून असेच एकत्र माल येतात.

रिसायकलरला तीन गोष्टी विचारा. नळीतला गॅस यंत्राने काढता का, पफचे डबे पुढे कुठे जातात, आणि पावती देता का. पहिल्या प्रश्नाला "हो हो, सगळं होतं" एवढंच उत्तर आलं तर सिलिंडर दाखवायला सांगा. हे विचारणं गरजेचं आहे, कारण जुना माल रिसायकल करवल्याबद्दल कंपन्यांना मिळणाऱ्या प्रमाणपत्रांचा हिशोब लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, सोनं अशा धातूंवर चालतो. धातू सगळेच काढतात. चांगला रिसायकलर ओळखायचा तो गॅसवरून.

पैसे कमी मिळतील, हे आधीच सांगतो. भंगारवाला अठराशे देतो, कारण गॅसचा खर्च त्याच्या हिशोबात नाही. नव्या फ्रिजवर एक्स्चेंजची सूट घेणार असाल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा की जुना कुठे जातो. कित्येकदा तो सेकंडहँडवाल्याकडे जाऊन रंगरंगोटी होऊन पुन्हा विकला जातो. पंचवीस-तीस वर्षांचा फ्रिज पुन्हा कुणा गरिबाच्या घरी जाऊन वीज खात बसावा हे मला योग्य वाटत नाही. आणि काहीच जमलं नाही, भंगारवालाच उरला, तर निदान एवढी अट घाला की दोन्ही नग अख्खे उचलायचे, दारात काही कापायचं नाही. त्यासाठी दोन-तीनशे कमी घ्या. पुढे तो काय करेल ते आपल्या हातात नाही, पण मोठ्या वाड्यांकडून अख्खे फ्रिज आमच्यासारख्यांकडे येतातही. कापलेला कधीच येत नाही.

गच्चीबद्दल. थोडे दिवस ठेवायला हरकत नाही, पण दारासकट नाही. जुन्या काही फ्रिजना खटक्याची मूठ असते, ती आतून उघडत नाही. लपाछपीत मूल आत बसलं तर आवाजही बाहेर येत नाही, आणि आतली हवा फार वेळ पुरत नाही. चुंबकी रबराचं दारही लहान मुलाला आतून ढकलता येईलच असं नाही. म्हणून बिजागरीचे स्क्रू काढून दार वेगळं करा आणि फ्रिजसोबतच ठेवा. दारात गॅसची नळी नसते, त्यामुळे हे घरी करता येतं. अंगाला मात्र भोक पाडू नका, खिळा ठोकू नका. बऱ्याच फ्रिजमध्ये आणि जवळजवळ सगळ्या डीप फ्रीझरमध्ये नळ्या भिंतींच्या आतूनच फिरवलेल्या असतात. काही जण जुन्या डब्यात धान्य ठेवतात किंवा अंडी उबवायची पेटी करतात. गॅस काढलेला नसेल तर ते करू नये असं माझं मत आहे.

तुमच्या डीप फ्रीझरकडे जास्त लक्ष द्या. त्याच्या भिंती जाड, म्हणजे पफ जास्त. दुकानी फ्रीझरमध्ये बऱ्याचदा आर-१३४ए असतो किंवा आर-४०४ए, आणि आर-४०४ए चा आकडा ३,९०० च्या पुढे जातो. त्याच्या झाकणाला किल्लीचं कुलूप असेल तर आजच ते कुलूप काढून टाका किंवा झाकणच उतरवा. आणि सौदा करण्याआधी मामांना एक विचारा. आइस्क्रीमच्या कंपन्या दुकानात फ्रीझर ठेवतात तेव्हा तो बऱ्याचदा कंपनीच्याच मालकीचा असतो, दुकानदाराने फक्त अनामत भरलेली असते. बाजूला किंवा मागे मालमत्ता क्रमांकाची पट्टी दिसली तर तो विकू नका, वितरकाला कळवा. तो स्वतः उचलून नेईल, आणि मामांची अनामत अजून त्याच्याकडे असेल तर तीही मागून घ्या.